आधी हुंगावं, मग भर घालावी

९ जानेवारी

धाकट्या,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं आणि हात थांबला. अठरा वर्षं ज्याला एक ओळ लिहिली नाही, त्याला एकदम आशीर्वाद देणारा मी कोण? तेव्हा नुसतंच धाकट्या. या नावाने तुला हाक मारणारा जगात मी एकटाच उरलो आहे, तेवढा हक्क राहू दे.

तुझा पत्ता मिळवायला दीड महिना गेला. साबणाच्या कारखान्यावर पत्र टाकलं होतं, ते 'निवृत्त' असा शिक्का घेऊन परत आलं. पाकिटाच्या मागे कुणा भल्या माणसाने पेन्सिलीने तुझ्या घरचा पत्ता लिहिला होता. बाबांना हे कळलं असतं तर! साबणाने हात धुऊन आलास म्हणून त्यांनी तुला एकदा तळघराच्या दारातून परत पाठवलं होतं, आणि पुढचं आयुष्य तू साबणातच काढलंस. ही म्हणाली, "त्याला नाक होतं म्हणून घेतलं. तुमच्यासारखं कवितांनी भरलेलं डोकं असतं तर फाटकावर उभा केला असता." ही म्हणजे तुझी वहिनी. जिभेची धार शाबूत आहे, गुडघे तेवढे गेले.

आता कारण लिहितो. वरच्या टप्प्यावरची बाग काढून टाकली. बाबांनी स्वतः लावलेले वेल. मुळांना कीड लागली होती. तीन वर्षं नाना औषधं केली, शेवटी ऑक्टोबरात यंत्र आणून सगळं मुळासकट उपटलं. उतार आता हजामत केल्यासारखा दिसतो. पण त्याआधी, सप्टेंबरात, शेवटची तोडणी झाली. घड मूठभर, साल जाड, रस थोडा, आणि रंग असा की शाईच्या बाटलीत बोट बुडवल्यासारखी नखं आठवडाभर जांभळी. आठवीत मी दोन ओळी केल्या होत्या, आठवतात?

उतारावरले घड सावळे
ऊन पिउनिया झाले काळे

मास्तर म्हणाले होते, "ऊन पिऊन काळं कोण झालं, द्राक्ष की तू?" वर्ग हसला, आणि तू, खालच्या वर्गातला, खिडकीला लोंबकळून सगळ्यांत मोठ्याने हसला होतास.

अकरा पिंपं भरली. बाबांच्या वेलांची ही शेवटची वाइन; यानंतर नाही. ती नीट मुरावी, सप्टेंबरात बाटलीत जावी, आणि निदान एकदा कुणीतरी पेला उजेडात धरून म्हणावं की, वा, हा तो उतार. यापलीकडे मला आता काही नको.

सध्या जरा सर्दी आहे, त्यामुळे वासाचं नीट कळत नाही. तू एकदा येऊन अकरा पिंपांवरून नाक फिरवून गेलास तर माझा जीव भांड्यात पडेल. दोन तासांचं काम आहे. सकाळच्या बसने येऊन दुपारच्या बसने परत जाता येईल.

त्या जुन्या पिंपाचा विषय काढायला नको. तो माझ्या बाजूने संपला आहे.

दादा


३० जानेवारी

धाकट्या,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलं नसेल असं मी म्हणतो, पोचलं असेल असं ही म्हणते. दोघांपैकी नेहमी कोण बरोबर निघतं, तुला ठाऊक आहे.

आज सोमवार. भर घालून आलो. टेकडीत वर खणलेल्या त्या तळघराचा जिना चढताना साठ पायऱ्यांत तीनदा बसलो, पण दार उघडलं की मला अजून शाळेत गेल्यासारखं वाटतं. तीच गार ओल, पिंपांच्या दोन रांगा बाकांसारख्या, आणि समोर बाबा. "लाकूड पितं, लक्षात ठेवा. माणसापेक्षा सावकाश पितं, पण रोज पितं." मग पिंपाचं बूच काढून बोट आत घालायचे आणि वाइन किती खाली गेली ते दाखवायचे. त्या बोटभर रिकाम्या जागेत हवा बसते आणि हवा बसली की वाइन फिरते, आंबते. म्हणून दर सोमवारी दाराजवळच्या छोट्या पिंपातून झारी भरायची आणि प्रत्येक मोठं पिंप काठोकाठ करायचं. झारी एक कडवं म्हणून होईपर्यंत वाकडी धरायची, घाई केली की गाळ उठतो. मला सगळी कडवी पाठ. तुला एक धड येत नसे. तू तोंडाने नुसतंच लाला लाला करायचास आणि तुझ्या झारीतून एक थेंब सांडायचा नाही. मी कवितेच्या भरात पायावर ओतायचो. बाबा म्हणायचे, "एकाला कान दिले, एकाला नाक. एका अंगात घातलं असतं तर एक मुलगा पुरला असता."

आणि त्यांचा तो नियम, झारी हातात घेण्याआधीचा. आधी हुंगावं, मग भर घालावी. छोट्या पिंपाला नाक लावायचं. जरा जरी वावगा वास आला तर त्यातला थेंब पुढे न्यायचा नाही.

मी तो नियम कधी मोडलेला नाही. आजही छोट्या पिंपाचं बूच काढलं, डोळे मिटले, हुंगलं. काही वावगं नाही. एकदम शांत. मग अकराही पिंपांना भर घातली, अकरा कडवी म्हणून. चिलटं तेवढी यंदा फार झाली आहेत. छोट्या पिंपाच्या बुचाभोवती त्यांची नुसती शाळा सुटलेली असते. मी हाकलत नाही. त्या अंधाऱ्या जागेत कुणाचा तरी किलबिलाट असू दे.

मागच्या पत्रात सर्दी लिहिली होती. ती सर्दी नाही. ऑक्टोबरात, बाग काढली त्याच आठवड्यात ताप आला, आठ दिवस राहिला, गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, "येतो परत. कधी कधी नाही येत." असं सांगायला शिकावं लागतं का रे? हिला बोललो नाही. पण परवा मी स्वयंपाकघरात टेबलाशी जुनी क्रमिक पुस्तकं चाळत बसलो होतो, माझ्यापासून चार हातांवर दूध करपत होतं. ही अंगणातून धावत आली.

"अहो, घर धुराने भरलंय! काय करत होतात?"

"कविता वाचत होतो. गुंतलो."

"कवितेला वास नसेल येत. दुधाला येतो."

आणि माझ्याकडे बघत राहिली. भांडं घासायला टाकलं, खिडक्या उघडल्या, पुन्हा येऊन बघत राहिली. तिला कळलं असावं. तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात आम्ही निम्मं बोलणं असंच केलं आहे.

तू ये. मला फक्त एवढंच ऐकायचं आहे की अकराच्या अकरा ठीक आहेत.

दादा


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर न देणं हेही उत्तरच आहे, समजतं मला. तरी लिहितो. पोस्टमन मला हसतो. वर्षभरात विजेचं बिल सोडून काही नसायचं आणि आता मीच त्याला फाटकाशी गाठतो. म्हणतो, "काका, पत्र आलं तर मी बसवून ठेवतो काय माझ्याकडे?"

पिंपं ठोकणारा सुतार आला होता. ज्याचा बाप आपल्याकडे यायचा तोच. हाही बापासारखाच बोलताना हातोडीने ताल धरतो. लोखंडी पट्ट्या आवळल्या. काम संपल्यावर मी पेला पुढे केला, म्हटलं, बघ कशी आहे. तो म्हणाला, "मला त्यातलं कळत नाही, काका, मला लाकडातलं कळतं. पण तळघरात शिरताना नाकाला काहीतरी झोंबलं. शहरातल्या प्रयोगशाळेत बाटली पाठवा की. दोन दिवसांत कागद येतो."

मी हो म्हटलं आणि पाठवली नाही. कागद आला की प्रश्न येणार. या घरात वाइन कागदावरून कळायला लागली असं बाजारात होणार. आणि झोंबतंच ना तळघर? मुरणारी वाइन आहे, फुलांचं दुकान नाही. जिभेला मला थोडं आंबट लागतं, ते खरं. पण कोवळी वाइन आंबट लागतेच. बाबाही म्हणायचे, पहिल्या हिवाळ्यात तिच्याशी वाद घालू नये.

हे सगळं मी तुला पटवतो आहे की मला, ते कळेनासं झालंय.

तो विषय काढायचा नाही असं मीच लिहिलं होतं. आता मीच काढतो. अठरा वर्षांपूर्वी तू सातव्या पिंपाची तोटी न विचारता उघडलीस आणि सगळी वाइन नाल्यात सोडलीस. मी वर आलो तेव्हा तुझे पाय घोट्यापर्यंत लाल होते. व्यापारी उभा, तोडणीच्या बाया उभ्या, आणि तू म्हणालास, "दादा, ही मेली होती. शेजारच्यांना लागण होण्याआधी काढली." मी तुझ्या कानाखाली मारली. सगळ्यांदेखत. बेचाळीस वर्षांचा होतास तू. मी काय म्हणालो तेही आठवतं: "या घरात नाक तुझं असेल, तळघर माझं आहे." तू किल्ली पिंपावर ठेवलीस आणि खाली गेलास. मला वाटलं, घरी गेलास. तू वळणावर गेलास आणि बस धरलीस.

अठरा वर्षं मी लोकांना सांगत आलो की ती वाइन उत्तम होती आणि माझा भाऊ उतावळा. आता ऐक. त्या आधीच्या सोमवारी मी सातव्याचं बूच काढलं होतं. वास मलाही आला होता. मी बूच परत लावलं आणि मनात म्हटलं, आठवडाभर बघू, जाईल. तुझं नाक खरं ठरलं म्हणून नाही मारलं तुला. मला ते आधी कळलं होतं आणि मी काही केलं नव्हतं, म्हणून मारलं.

हे लिहायला तीन दिवस लागले. मधले दोन कागद फाडले. आता तरी ये. माझं नाक गेलं आहे आणि या अकरा पिंपांना दुसरं कुणी नाही.

दादा


६ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. मी ते सही करून घेतल्यासारखं दोन्ही हातांनी घेतलं. पोस्टमन म्हणाला, "झालं समाधान?" उलटून बघितलं. वर नाव नाही, खाली नाव नाही, मधे दोन ओळी. अक्षर मात्र तेच, पाटीवर गिरवल्यासारखं.

"भर कुठल्या पिंपातून घालतोस? ते पिंप किती भरलेलं आहे?"

मी उभ्या उभ्या वाचलं आणि बसलो. फाटकाच्या दगडावर, ऊन डोक्यावर असताना.

निम्म्याहून कमी, धाकट्या. छोटं पिंप निम्म्याहून कमी आहे. चार महिने मी त्यातून काढतो आहे आणि त्यात दुसरं काही पडत नाही. बाबा काय करायचे? जसजसं कमी होईल तसतसं लहान भांड्यात उतरवायचे. बुधल्यात, मग बाटल्यांत. कधी रिकामी जागा ठेवायचे नाहीत. तू होतास तोवर ते तू करायचास. नंतर आपला जुना गडी करायचा, तो बाग काढली तेव्हा मुलाकडे राहायला गेला. मला एकट्याने ते पिंप कलतं होत नाही. मी म्हटलं, असू दे, दर सोमवारी हुंगतो ना आपण. वावगं असेल तर कळेल.

कळलं नाही तर? हा प्रश्न मला चार महिन्यांत एकदाही पडला नाही. वास नसणं म्हणजे चांगलं असणं, असं मी धरून चाललो. ज्याला काहीच वास येत नाही त्याच्या नाकाखाली जगातलं काहीही शांतच असणार की.

मी दगडावरून उठत नाही हे बघून ही बाहेर आली. मी तिच्या हातात कार्ड दिलं. तिने वाचलं आणि म्हणाली, "चला वर."

"तू कशी चढणार?"

"चढेन तशी चढेन."

तिने कधी त्या तळघरात पाऊल टाकलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच दिवशी बाबांनी तिला सांगितलं होतं, सुगंधी तेल लावून कुणी आत यायचं नाही. ती म्हणाली होती, "मग मी दारातूनच बघेन, तेल काही सोडणार नाही." आणि एकेचाळीस वर्षं दोघांनी आपापला शब्द पाळला, एक जण मेल्यावरही. त्या दिवशी तिने न्हाणीघरात जाऊन केस दोनदा नुसत्या पाण्याने धुतले. मला वाटलं आता रडू येईल. ती म्हणाली, "बघत काय बसलाय, टॉवेल द्या."

साठ पायऱ्यांना आम्हाला पाऊण तास लागला. पंचविसाव्या पायरीवर बसून ती म्हणाली, "तुमच्या वडिलांना जरा खालच्या अंगाला खणता आलं नाही?" पन्नासाव्या पायरीवर ती बोलायची थांबली. मला वाटलं दम लागला. तिने पदर नाकाला लावला होता.

दार उघडलं. ती उंबऱ्यावर थबकली, सवयीने. मग आत आली. छोट्या पिंपाचं बूच मी काढलं, तिने वाकून मान लगेच वळवली. "हे म्हणजे व्हिनेगर आहे," ती म्हणाली. "कांदा कापून टाकायचा तेवढा बाकी आहे."

मग पहिलं पिंप. दुसरं. ती प्रत्येकाशी वाकायची, गुडघ्यावर हात ठेवून उठायची आणि माझ्याकडे न बघता सांगायची. "हेही." "हेही." "याला थोडा कमी आहे. नाही, आहे." मी मागून बुचं लावत जात होतो. सहाव्याला मी विचारलं, "नीट बघ ना." ती म्हणाली, "नीटच बघतेय हो." अकराव्याला तिने बराच वेळ लावला. मी बूच हातात धरून. तिने माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चला, खाली जाऊ."

म्हणजे मीच रे. कीड नाही, ऊन नाही, कुणी शत्रू नाही. दर सोमवारी, न चुकता, झारी वाकडी धरून, एकेक कडवं म्हणून, मी एका आजारी पिंपाची लागण अकरा निरोगी पिंपांना वाटली. एखादा सोमवार आळस केला असता तर एखादं वाचलं असतं.

पण माझं मन मानत नाही. हिचं नाक दुधाचं आणि फोडणीचं. तळघरातलं तिला काय ठाऊक? तू ये. अकरांतलं एक, अर्धं, काही वाचण्यासारखं असेल तर ते फक्त तुलाच कळेल. तू येईपर्यंत एकाही पिंपाला हात लावणार नाही. हा माझा शब्द.

दादा


१२ एप्रिल

धाकट्या,

मागच्या मंगळवारी मी तुला एक वेगळं पत्र लिहिलं होतं. ते फाडलं. त्यात काय होतं ते पुढे सांगतो, आधी झालेलं ओळीने लिहितो.

तुझ्या वाटेकडे तीन आठवडे डोळे लावले. तळघरात गेलो नाही, दारही उघडलं नाही. मग मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी सुतार टेम्पो घेऊन आला. हिनेच निरोप धाडला होता. "किती दिवस मढं घरात ठेवणार?" ती म्हणाली. तो सगळ्या पिंपांवरून हातोडी आपटत फिरला आणि म्हणाला, "लाकडात मुरलं, काका. यात पुन्हा वाइन राहणार नाही. अर्धी कापून कुंड्या होतील." मी म्हटलं, माझा भाऊ येणार आहे. तो म्हणाला, "येऊ दे की. पण ही काय त्यांच्यासाठी बरी होणार आहे?"

मी शब्द दिला होता तुला. तरी तोटी मीच उघडली. पहिलीच, बाकीच्या त्याने उघडल्या. दहा वाजता सुरू झालं ते एक वाजेपर्यंत वाहत होतं. तळघराच्या दारातून पायऱ्यांवरून, उपटलेल्या बागेच्या कडेने, नाल्यात, नाल्यातून रस्त्याच्या गटारात. उन्हात काय रंग दिसत होता म्हणून सांगू! मी आठवतील तेवढ्या कविता आठवून पाहिल्या, एकही जवळ आली नाही. खालच्या घरातल्या बाया खिडक्या लावून घेत होत्या. सुताराने तोंडाला फडकं बांधलं होतं. ही अंगणात खोकत होती. सगळी टेकडी त्या वासाने कोंदली होती, असं म्हणतात. मी मधोमध उभा होतो आणि मला पहाटेच्या हवेसारखं स्वच्छ वाटत होतं.

ते संपलं. चार दिवस मी अंगणाबाहेर पडलो नाही. मंगळवारी तुला पत्र लिहिलं: पिंपं रिकामी केली, आता दाखवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा तू येण्याची तसदी घेऊ नकोस. पाकीट बंद केलं आणि पेटीत टाकायला वळणावर गेलो. बस उभी होती. ड्रायव्हर चाकाला लाथा मारत होता. तोच रे, तू गेलास तेव्हा कंडक्टर होता, मिशा पिकल्या आता.

म्हणाला, "काय काका, शुक्रवारी काय सांडलंत? माझी बस अजून वास मारतेय."

मी काहीतरी पुटपुटलो. तो म्हणाला, "धाकटे फार थकलेत नाही? मी पहिल्यांदा ओळखलंच नाही."

"कोण धाकटे?"

"घ्या! तुमचे भाऊ. शुक्रवारी साडेदहाच्या बसने आले की. वर नाही आले?"

मी पाकीट हातात धरून उभा राहिलो. तो सांगत होता आणि त्याला वाटत होतं मी ऐकत नाही, म्हणून मोठमोठ्याने सांगत होता. तू उतरलास. पिशवी खाली ठेवलीस, काठी पिशवीला टेकवलीस. उताराकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिलास, मान वर करून. मग गटाराशी वाकलास. तेव्हा ते अजून तिथवर नुकतंच येत होतं. त्यात बोट बुडवलंस, नाकाशी नेलंस, रुमालाला पुसलंस.

"मग मला विचारलं, परत कधी निघतोस? मी म्हटलं, दहा मिनिटांत, पण तुम्ही वर जाऊन या ना, इतक्या लांबून आलात. तर म्हणाले, आता वर माझं काय काम?"

आणि बसमध्ये येऊन बसलास. खिडकीशी. एवढंच.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने निवडत असलेली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुम्ही पत्रांत लिहायचात तरी काय त्याला?" मी म्हटलं, सगळं लिहिलं, चूक कबूल केली, जुनं सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "ते झालं तुमचं. त्याचं काय विचारलंत?"

मी पत्रं ओळ ओळ आठवून पाहिली. पाठांतर आहेच माझं. चार पत्रं. तू कसा आहेस, हे कुठेही नाही. घरात दुसरं कोणी आहे का, हे नाही. तू काठी घेऊन चालतोस हे मला बसच्या ड्रायव्हरने सांगितलं. चारही पत्रांत मी एका नाकाला बोलावलं, दोन तासांसाठी, आणि परतीची बसही सांगून टाकली. तू आलास. ज्या कामासाठी बोलावलं ते काम गटारातून वाहत खाली तुला भेटायला आलं, आणि तू मी लिहिलं होतं तसाच परत गेलास, मी लिहिलेल्याहूनही लवकर.

आता मी काय करू, सांग. मला तिथवर प्रवास झेपणार नाही. हिला एकटं ठेवता येत नाही. फोन नंबर ठाऊक नाही. पुन्हा पत्रच. आणि या पत्रात तुला बोलावण्यासाठी माझ्याजवळ एकही कारण नाही. तळघर धुऊन कुलूप लावलं. उतारावर माती आहे. मी तुला काही दाखवू शकत नाही, काही चाखायला देऊ शकत नाही, आणि तू कशाचा वास घेऊन मला सांगितलास तरी मला तो कळणार नाही.

पायाला काय झालं? झोप लागते का? जेवण कोण करतं? त्या दिवशी उपाशीच परत गेलास ना?

तुझं इथे आता काही काम नाही. तरी ये.

साडेदहाच्या बसला मी रोज वळणावर जाऊन बसतो. ड्रायव्हर नुसती मान हलवतो आणि मी उठतो. मला आता लांबचं दिसत नाही, आणि तू फार बदललायस म्हणतात. तेव्हा उतरलास की हाक तू मार.

दादा